डाव्या खांद्यामागचा कॉक

चेतक स्कूटर ज्यांनी चालवली आहे, त्यांना पेट्रोलचा कॉक आठवत असेल. सीटच्या पुढच्या कडेखाली, गुडघ्यांच्या मध्ये ती छोटी मूठ असायची. चालू, बंद आणि रिझर्व्ह. गाडीने दोन-तीन आचके दिले की डावा हात हँडलवरून काढायचा, खाली घालायचा आणि न बघता मूठ फिरवायची. सवय झालेला माणूस हे गप्पा मारता मारता करत असे. मलाही सवय होती. तरी कॉलेज सुटल्यानंतरच्या एका वर्षी कात्रजच्या घाटात मी हात खाली घातला आणि मूठ आधीच रिझर्व्हवर असल्याचे बोटांना कळले. मागच्या वेळी पेट्रोल भरल्यावर ती परत फिरवायला विसरलो होतो. बोटांवर विश्वास बसेना म्हणून वाकून बघितले. एक-दोन सेकंदच. मान वर केली तेव्हा गाडी रस्त्याच्या उजव्या अंगाला गेली होती आणि समोरून एस.टी. येत होती. ड्रायव्हर जे बोलला ते दिवाळी अंकात छापण्यासारखे नाही.

गाडी मी वळवली नव्हती. वाकताना उजव्या हातावर भार आला आणि ती आपोआप वळली. हे मला त्या वेळी समजले नाही. समजले ते बऱ्याच वर्षांनी, एका विमान अपघाताचा अहवाल वाचताना.

तो अपघात जॉन डेन्व्हर या गायकाचा. माझ्या वयाच्या ज्या वाचकांनी वसतिगृहात कॅसेट घासून घासून ऐकल्या, त्यांना 'कंट्री रोड्स' गाणारा हा चष्मेवाला माणूस ठाऊक असेलच. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात माँटेरेजवळ, पॅसिफिक ग्रोव्ह गावाच्या किनाऱ्यालगत त्याचे छोटे विमान समुद्रात कोसळले. विमानात तो एकटाच होता. 'प्रसिद्ध गायकाचा विमान अपघातात मृत्यू' एवढेच आपल्याकडे पोचले. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल हाती लागला, आणि त्यात सगळे येऊन थांबत होते ते एका कॉकपाशी. विमानात इंधनाच्या कोणत्या टाकीतून पुरवठा घ्यायचा हे ठरवणारी ती झडप. तिला अधिकृत मराठी नाव शोधण्यात मी वेळ घालवला नाही. स्कूटरच्या कॉकचीच ती थोरली बहीण आहे.

डेन्व्हर हा हौसेपुरता उडणारा नवशिका नव्हता. वडील अमेरिकन हवाई दलात वैमानिक, बी-५८ या बाँबफेकी विमानावर वेगाचे विक्रम केलेले. मुलाला उडायला त्यांनीच शिकवले. अपघाताच्या वेळी डेन्व्हरच्या नावावर २,७०० तासांहून जास्त उड्डाण होते. त्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र मद्यपानाच्या प्रकरणांमुळे वैध राहिले नव्हते, हे खरे. पण मृत्यूनंतरच्या तपासणीत मद्याचा अंश आढळला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण 'प्यायला असेल' असे म्हटले की पुढे विचार करायचे कष्ट वाचतात.

विमान होते लाँग-ईझी. हे कारखान्यातले विमान नव्हे. बर्ट रुटान या कल्पक अभियंत्याने त्याचा आराखडा केला, १९७९ मध्ये पहिले उड्डाण झाले आणि त्यानंतर त्याचे नकाशे हौशी लोकांना विकत मिळू लागले. नकाशे घ्यायचे, फोम आणि काचतंतू आणायचे आणि घरामागच्या गॅरेजमध्ये विमान बांधायचे. अमेरिकेत ही मोठी परंपरा आहे. काही कंपन्या सुट्या भागांचे किट देतात. व्हॅन्स या कंपनीच्या किटमधून बांधलेली दहा हजारांहून जास्त विमाने आजवर उडाली आहेत. नियम एवढाच की बांधकामाचा मोठा वाटा हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठी केलेला असावा. विमानावर 'प्रायोगिक' असा शब्द ठळक लिहावा लागतो. आपल्याकडे अमोल यादव या वैमानिकाने मुंबईत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले आणि २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते मांडले, ते वाचकांना आठवेल. त्या वेळी सगळी चर्चा परवानगीची झाली. माझ्या डोक्यात मात्र वेगळाच प्रश्न होता: अशा विमानात कोणती मूठ कुठे बसवायची हे कोण ठरवते?

उत्तर सोपे आहे. जो बांधतो तो.

आता मुळात कॉक लागतोच कशाला? लहान विमानाचे इंधन बहुधा पंखांत किंवा पंखांच्या मुळाशी, डावी-उजवीकडे दोन टाक्यांत असते. सेसना १७२ सारख्या विमानाचे पंख डोक्यावर असतात. इंधन गुरुत्वाने खाली येते, त्यामुळे कॉकला 'दोन्ही' अशीही एक जागा ठेवता येते आणि वैमानिक निर्धास्त राहू शकतो. पंख खाली असले की इंधन पंपाने ओढावे लागते, आणि तिथे 'दोन्ही' चालत नाही. उसाच्या रसाचे दोन ग्लास समोर ठेवा, दोन नळ्या एकदम तोंडात धरा आणि ओढा. एक ग्लास संपला की त्या नळीतून हवा येते, आणि दुसरा ग्लास भरलेला असूनही तोंडात रस येत नाही. म्हणून अशा विमानात एका वेळी एकच टाकी. अर्धा-एक तास डावीकडची वापरायची, मग कॉक फिरवून उजवीकडची. म्हणजे हा कॉक स्कूटरच्या रिझर्व्हसारखा क्वचित लागणारा नाही. प्रत्येक लांब उड्डाणात तो अनेकदा फिरवावा लागतो. आणि ज्या दिवशी वैमानिक विसरतो, त्या दिवशी इंजिन गप्प झाल्यावर, घाईत, तोच कॉक शोधावा लागतो.

कारखान्यात बनणाऱ्या लहान विमानांसाठी अमेरिकेने याचे नियम केले होते, आणि ते वाचताना मला कायद्याच्या भाषेबद्दल प्रथमच आदर वाटला. वैमानिकाला सीट न हलवता आणि मुख्य नियंत्रणे न हलवता कॉक दिसला पाहिजे आणि त्यावर हात पोचला पाहिजे. कोणती टाकी निवडली आहे ते दाखवणारा काटा असला पाहिजे. मूठ जागेवर बसल्याचे हाताला जाणवले पाहिजे, म्हणजे 'टक्' असे व्हायला हवे. 'बंद' वर न्यायला वेगळी, मुद्दाम केलेली क्रिया लागली पाहिजे. आणि एका टाकीवरून दुसरीवर जाताना वाटेत 'बंद' ही जागा येताच कामा नये. यातले प्रत्येक वाक्य माणसाचा हात घाईत काय करतो हे ओळखून लिहिले आहे. चेतकच्या कॉकलाही ते लावून बघा, निम्मे गुण मिळतील.

हौशी माणसाने बांधलेल्या विमानाला मात्र हे नियम बंधनकारक नाहीत.

आता लाँग-ईझीची रचना डोळ्यांपुढे आणायला हवी, नाहीतर पुढचे कळणार नाही. हे विमान उलटे असल्यासारखे दिसते. नाकाशी एक छोटा पंख, मोठे पंख मागे आणि इंजिन सर्वांत मागे, मागून ढकलणारे. आत दोन माणसे एकामागे एक बसतात. पुढचा वैमानिक आरामखुर्चीत रेलल्यासारखा असतो. विमान वळवायची दांडी त्याच्या उजव्या हाताशी, बाजूला. पाय लांब पुढे, पेडलवर. इंधनाच्या दोन टाक्या मागच्या सीटच्या दोन्ही बाजूंना, पंखांच्या रुंद मुळांत. म्हणजे इंधनही मागे आणि इंजिनही मागे.

रुटानच्या नकाशात कॉक पुढच्या वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये दाखवला आहे. हाताला सोपा, डोळ्यासमोर. पण त्यासाठी मागच्या टाकीतून इंधनाची नळी पुढे वैमानिकाच्या पायांपर्यंत आणायची आणि तिथून पुन्हा मागे इंजिनापर्यंत न्यायची. ज्या ठिकाणी तुम्ही बसणार आहात त्याच पेटीतून पेट्रोलचा असा फेरा. डेन्व्हरकडे पुढे जे विमान आले ते बांधणाऱ्या गृहस्थांना हे पसंत नव्हते. बसायच्या जागेत इंधन नको, असे त्यांचे म्हणणे. म्हणून त्यांनी कॉक मागेच ठेवला. पुढच्या सीटमागच्या आडभिंतीवर, वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे.

या गृहस्थांना मूर्ख ठरवायचा मोह पहिल्या वाचनात मलाही झाला. आता होत नाही. विमानात आग ही सर्वांत वाईट गोष्ट. सांधा जितका कमी तितकी गळती कमी, नळी जितकी आखूड तितका धोका कमी, हे कोणताही प्लंबरही सांगेल. त्यांनी आगीच्या भीतीवर उत्तर काढले आणि त्या भीतीपुरते ते बरोबर होते. शिवाय कॉक स्वतः बसवलेला. तो कुठे आहे, किती घट्ट आहे, कोणत्या बाजूला काय आहे, हे त्यांच्या हाताला पाठ होते. आपण स्वतः बांधलेल्या घरात अंधारातही बटण सापडते, तसे.

अडचण इथून सुरू होते. कॉकवर खुणा नव्हत्या. कोणती दिशा कोणत्या टाकीची हे लिहिलेले नव्हते, आणि मुठीच्या दिशा डाव्या-उजव्या टाकीशी जुळणाऱ्या नव्हत्या: मूठ उजवीकडे केली की डावी टाकी, खाली केली की उजवी, वर केली की बंद. इंधन किती आहे ते दाखवणाऱ्या काचा मागच्या सीटच्या दोन्ही बाजूंना. त्यांच्यावरही आकडे नव्हते आणि पुढच्या माणसाला त्या दिसत नव्हत्या. टाकीचा आकार चौकोनी डब्यासारखा नसल्यामुळे काचेत पाव उंची दिसली म्हणजे पाव इंधन, असेही नाही. हे सगळे बांधणाऱ्याच्या डोक्यात होते. विमान विकले गेले तेव्हा डोके सोबत गेले नाही.

तोवर ते विमान बांधणाऱ्याच्या हातून गेलेलेच होते. डेन्व्हरने ते नुकतेच विकत घेतले होते. अपघाताच्या आदल्या दिवशी सांता मारियाला एका माहीतगाराबरोबर त्याने जेमतेम अर्धा तास या विमानाची ओळख करून घेतली. त्या वेळी पेडलपर्यंत पाय नीट पोचावेत म्हणून त्याला पाठीमागे उशी घ्यावी लागली. ही उशी मला फार महत्त्वाची वाटते. पाय पोचले, पण शरीर काही इंच पुढे सरकले, आणि खांद्यामागचा कॉक तितकाच आणखी मागे गेला. एका अडचणीवरचा उपाय दुसरीत भर घालत होता. पण दोन्हींचा संबंध लावायला वेळ लागतो, आणि वेळ नव्हता.

माँटेरेच्या विमानतळावर एका मेकॅनिकशी त्याचे या कॉकबद्दल बोलणे झाले. मूठ दूर आहे आणि फिरायला घट्ट आहे, हे दोघांच्याही लक्षात आले होते. त्यांनी मुठीला व्हाइस-ग्रिप पकड लावून ती लांबवून पाहिली. पट्टा बांधून बसल्यावर तरीही हात पोचेना. मेकॅनिकने मागच्या काचा बघून सांगितले की उजव्या टाकीत अर्ध्याहून कमी आणि डाव्या टाकीत पावाहून कमी इंधन आहे. खांद्यावरून काचा बघता याव्यात म्हणून तपासणीचा एक छोटा आरसाही दिला. डेन्व्हर म्हणाला, वर गेल्यावर ऑटोपायलट लावून विमान सरळ ठेवीन आणि मग कॉक फिरवीन. इंधन भरून देऊ का, असे विचारल्यावर तो नको म्हणाला. तासाभराचेच उड्डाण आहे.

हा परिच्छेद मी कितीदा वाचला असेन. दोषाची सगळी यादी उड्डाणाच्या आधी, जमिनीवर, दोन माणसांना माहीत होती. त्यावर उपाय म्हणून एक पकड, एक आरसा आणि एक बेत तयार झाला. आपल्या घरातही हे चालते. गॅसच्या शेगडीचे बटण अडकते म्हणून आपण ते चिमट्याने फिरवतो, आणि चिमटा मिळाला की बटण दुरुस्त करायचे राहून जाते.

पाच वाजून बारा मिनिटांनी त्याने उड्डाण केले. धावपट्टीवर तीन वेळा उतरून पुन्हा उडण्याचा सराव झाला. त्यानंतर तो किनाऱ्याकडे गेला. मंडळाने वीस साक्षीदारांशी बोलून घेतले. विमान साडेतीनशे ते पाचशे फुटांवर होते, असा त्यांच्या सांगण्याचा अंदाज. काहींनी फट् असा आवाज ऐकला आणि इंजिनाचा आवाज एकदम कमी झाला. मग विमान कलले आणि नाक खाली करून पाण्यात गेले. पाच वाजून अठ्ठावीस मिनिटे झाली होती. इतक्या उंचीवर इंजिन थांबले तर विमान तरंगत खाली यायला एक मिनिटही मिळत नाही, आणि ऑटोपायलट लावून सावकाश मागे वळण्याचा बेत तर भरपूर उंचीसाठी केलेला होता. अवशेषांत कॉक अर्धवट फिरलेला, दोन जागांच्या मध्ये सापडला.

तपास करणाऱ्यांनी पुढे जे केले ते मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. तशाच विमानात माणूस बसवून कॉक फिरवायला लावला. आधी दांडीवरचा उजवा हात सोडायचा, खांद्याचा पट्टा सोडायचा, मग कमरेपासून वरचे अंग डावीकडे जवळजवळ काटकोनात वळवायचे आणि मूठ फिरवायची. हे करताना आधारासाठी उजवा पाय आपोआप ताठ होतो. तो असतो उजव्या पेडलवर. पेडल दाबले जाते, विमानाचे नाक उजवीकडे वळते आणि वर उचलले जाते. वैमानिकाचे तोंड त्या वेळी मागे असते. विमान आपणच वळवतो आहोत हे त्याला कळतही नाही. कात्रजच्या घाटातला माझा उजवा हात मला आठवला तो इथे.

मंडळाने काढलेल्या निष्कर्षात कारण म्हणून पहिले येते ते वैमानिकाचे लक्ष विचलित होणे आणि कॉक फिरवण्याच्या प्रयत्नात नकळत उजवे पेडल दाबले जाऊन ताबा सुटणे. पाठोपाठ, इंधन न भरणे. बिनखुणेचा कॉक अवघड जागी बसवण्याचा निर्णय, बिनआकडी काचा आणि या विमानाचा अपुरा सराव या गोष्टी नंतर, हातभार लावणाऱ्या बाबी म्हणून येतात. कागदावर हा क्रम योग्यच असेल. शेवटची चूक हवेत झाली आणि ती वैमानिकाची होती. इंधन भरून घ्यायला दहा मिनिटे लागली असती, हेही मी त्याच्या बाजूने बोलताना विसरत नाही. पण काळाचा क्रम याच्या उलटा आहे. कॉकची जागा ठरली ती गॅरेजमध्ये, कितीतरी वर्षे आधी, जेव्हा त्या सीटवर बसून बघणारा एकच माणूस होता. डेन्व्हरने त्या दिवशी जी चूक केली तिची जागा आधीच आखून ठेवलेली होती, असे माझे मत आहे. 'वैमानिकाची चूक' या शब्दांत ते मावत नाही.

मग कॉक कुठे बसवावा? अनुभवी बांधणारे सांगतात ते असे की नकाशावर ठरवू नका. पुठ्ठ्याचा किंवा प्लायवुडचा नमुना करा, सीटवर बसा, पट्टे आवळून बांधा, डोळे मिटा आणि हात न्या. दांडी न सोडता, खांदा न उचलता हात मुठीवर पडला तर जागा बरोबर. मूठ ज्या बाजूला करू ती टाकी त्याच बाजूची असावी. 'बंद' साठी आधी काहीतरी उचलावे किंवा दाबावे लागेल असा कॉक विकत मिळतो, तो घ्यावा. ज्या टाकीचा कॉक, तिचा मापक त्याच नजरेत असावा. पंख खाली असलेल्या बऱ्याच किट विमानांत म्हणूनच कॉक पुढे, जमिनीलगत मधोमध येतो. कारखान्यातली विमानेही यात निर्दोष नाहीत, बरे का. पायपर चेरोकीत तो डाव्या भिंतीवर, वैमानिकाच्या गुडघ्याजवळ असतो. उजवीकडे बसलेल्या शिक्षकाला तो गाठताना कसरतच करावी लागते.

आणि आगीच्या भीतीचे काय? त्यावरही उपाय आहे, आणि तो कळल्यावर मला त्या पकडीची आठवण होऊन वाईट वाटले. झडप मागेच ठेवायची, इंधनाजवळ. आणि तिच्यापासून एक लांब दांडा, लागल्यास वाटेत फिरता सांधा घालून, पुढे हाताशी आणायचा. इंधन पुढे येत नाही, फक्त मूठ येते. काही बांधणारे असे करतात. यात खोट नाही असे नाही: सांध्यात ढिलाई आली की मूठ एक जागा दाखवते आणि झडप दुसऱ्याच जागी असते, म्हणून तो दांडा दरवर्षी उघडून बघावा लागतो. पण व्हाइस-ग्रिप लावणारी ती दोन माणसे नेमके हेच करू पाहत होती. त्यांना मिळालेला दांडा काही इंचांचा होता.

हा लेख लिहिताना मी घरात एक प्रयोग केला. हॉलमध्ये खुर्ची ठेवली, पाय लांब करून भिंतीला टेकवले, एक ओढणी पट्ट्यासारखी बांधली आणि मागच्या कपाटाच्या किल्लीला कॉक मानले. वळलो, किल्ली फिरवली आणि विजयाने पत्नीकडे पाहिले. ती म्हणाली, "तुमचा उजवा पाय बघा." भिंतीला रेटून तो ताठ झाला होता. मग पुतण्याला बसवले. तो सहा फुटी, अंग फारसे न वळवता त्याने किल्ली फिरवली आणि "काका, यात काय अवघड आहे?" असे विचारून मोबाइल बघायला लागला. शेवटी पत्नी बसली. तिचे पाय भिंतीपर्यंत पोचेनात म्हणून पाठीमागे उशी दिली, तेव्हा हात किल्लीपासून वीतभर लांब राहिला. तिने दोनदा प्रयत्न केला आणि ओढणी सोडून उठली.

"पण मुळात हे मागे लावलंच कशाला?" तिने विचारले.

मी तिला पेट्रोलच्या नळीबद्दल सांगायला लागलो.